स्टुटगार्टला येतोयस, तर ओळखीबद्दल थोडं

भावा, तुझा प्रश्न असा की बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी सोडून जर्मनीत स्टुटगार्टला आलास तर ओळखीपाळखीशिवाय निभेल का, आणि इथली माणसं खरंच कोरडी असतात का. व्हिसा-पगाराचं कंपनी सांगेलच. आपली पोरं अडखळतात ती दुसरीकडंच, म्हणून त्यावर लिहितो.

आपल्याकडं विश्वास माणसावर. खानापूरच्या बाजारात दुकानदार उधार देतो, कारण त्याला तुझे वडील ठाऊक असतात. भिशीत एका कागदाशिवाय हजारो रुपये फिरतात. आणि कचेरीतून कन्नडमधला कागद आला की आपण आधी 'आत कोण ओळखीचं हाय काय' ते बघतो. १९५६ ला आपला मराठी भाग कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला, तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या असंच निभावलंय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण त्याच वाटेनं चहापाण्याचे पैसे देणंही अंगवळणी पडलं, हे मान्य करायला हवं.

इथं विश्वास नोंदीवर. घरमालक तुझं घराणं विचारणार नाही, 'शूफा'चा दाखला मागेल, म्हणजे कर्जाचे हप्ते, बिलं तू बुडवलीस का याची नोंद. नव्या माणसाची नोंदच नसते, म्हणून सुरुवातीचे महिने जड जातात. नाव परकं दिसलं म्हणून अर्जाला उत्तर न येणं हेही घडतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. ट्रामला फाटक नाही, पण विनातिकीट सापडलास तर ६० युरो दंड.

बऱ्याच इमारतींत 'केअरवोखे' असते. दारावर पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी. माझ्या शेजारच्या आजी कधी चार शब्द बोलायच्या नाहीत. माझ्या काही पाळ्या नीट झाल्या, आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्या घराची जादा किल्ली माझ्याकडं ठेवायला दिली. कोरडेपणा म्हणतात तो एवढाच.

राजकारणातही तेच. 'स्टुटगार्ट २१' या रेल्वे स्थानकावरून इथं प्रचंड आंदोलनं झाली. २०११ मध्ये प्रकल्पाच्या विरोधातले क्रेचमान इथल्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी लोकांचा कौल घेतला, तर जवळपास ५९ टक्के मतं प्रकल्पातून माघार घेण्याच्या विरोधात पडली. क्रेचमाननी तो कौल मानला. आपल्या गावांपुढं सीमाप्रश्नावर अशी मतपेटी कधी ठेवलीच गेली नाही, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्याला कुणी विचारलंच नाही तो नियमावर विश्वास कसा ठेवील? आपला संशय तिथून आलाय, रक्तातून नाही.

पण तो संशय घेऊन इथल्या कचेरीत जाऊ नकोस. पुन्हा न कळणाऱ्या भाषेतला कागद हातात येईल आणि एजंट गाठावासा वाटेल. गाठू नकोस. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तिथं स्वतः जा. जर्मन बेळगावातच बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल त्या पातळीपर्यंत कर. कामावर 'बघू की' म्हणालास तर ते होकार धरतील. जमत नसेल तर सरळ नाही म्हण, कुणी मनाला लावून घेत नाही.

भाडेकरार सहीआधी मला पाठव, मी वाचून देतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. घर बघण्याआधी कुणी पैसे मागितले, तर एक युरोही पाठवू नकोस.