गेममधून कापलेलं जातं कुठं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गेम कसा बनतो त्यावर लिहिलं होतं, त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणीकडून भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय, बनवता बनवता जे काढून टाकतात किंवा बदलतात त्याचं काय होतं. त्यातले चार घेतो.

प्रश्न (निपाणी): शाळेत असताना स्टँडजवळच्या सायबर कॅफेत व्हाइस सिटी लई खेळलो. मधे तोच गेम रीतसर पैसे भरून डाउनलोड केला तर गाडीतल्या रेडिओवर मायकेल जॅक्सन नाहीच, आणि एका मिशनमधलं वाक्यपण गायब वाटतंय. मला कापलेला माल दिला काय?

उत्तर: दादा, तुमचे कान बरोबर आहेत. गेम २००२ चा, आणि त्यातली गाणी गेम कंपनीच्या मालकीची नाहीत, करारावर घेतलेली आहेत. कराराची मुदत संपली आणि नवा जमला नाही की पुढं विकायच्या कॉपीतून गाणं काढावंच लागतं. व्हाइस सिटीच्याच जीटीए मालिकेतल्या जीटीए ४ चं बघा, २००८ ला आला, दहा वर्षं झाली आणि एप्रिल २०१८ च्या अपडेटमध्ये गाण्यांचा मोठा गठ्ठा गेला, रशियन गाण्यांचं व्लादिवोस्तोक एफएम तर जवळजवळ नव्यानंच भरलं. अपडेट असल्यामुळं ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांचीपण जुनी गाणी गेली, हे मला अजिबात पटत नाही.

वाक्याचं कारण वेगळं आहे. हैती देशातून अमेरिकेत आलेल्या लोकांच्या संघटनांनी २००३ मध्ये आक्षेप घेतला, कारण त्या मिशनमध्ये त्यांच्या समाजाचं नाव घेऊन मारून टाका अशी भाषा होती, आणि कंपनीनं नंतरच्या कॉपीतून ते काढायचं मान्य केलं. ते काढलं ते बरंच झालं असं माझं मत. पण घरात जुनी सीडी असेल तर टाकू नका, ती गाणी आता तशी दुसरीकडं मिळायची नाहीत.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): मी बीसीएला आहे. सगळे म्हणतात की कंपन्या अर्धा गेम मुद्दाम कापून ठेवतात आणि नंतर डीएलसी म्हणून, म्हणजे वेगळे पैसे घेऊन जोडायचा जादा भाग म्हणून विकतात. फाइल उघडून बघितल्या की आत सगळं सापडतं, म्हणजे तयार असतंच की, मग देत का नाहीत?

उत्तर: तुझा राग समजतो, पण यात दोन-तीन गोष्टींची सरमिसळ झालीय. आधी फाइलमध्ये का सापडतं ते बघ. गेम संपत आलेला असतो आणि वरून निरोप येतो की हा भाग काढा. आता तो भाग एकटा सुटा नसतो, मिशनच्या यादीत त्याचा नंबर असतो, सेव्ह फाइलमध्ये त्याची जागा असते, त्याचा एखादा आवाज किंवा अॅनिमेशन दुसऱ्याच कुठल्या तरी सीनमध्ये वापरलेलं असतं, तो मुळापासून उपटला तर भलतीकडंच गेम क्रॅश होतो आणि सगळं टेस्टिंग परत पहिल्यापासून. म्हणून शेवटच्या दिवसांत काय करतात, तर भाग तसाच ठेवतात आणि त्याच्याकडं जायची वाट तेवढी बंद करतात.

हे कंपनीच्या अंगाशीपण येतं. जीटीए मालिकेतलाच सॅन अँड्रियास २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला तेव्हा त्यातला एक अश्लील मिनी-गेम असाच बंद करून डिस्कवर राहिला होता. जून २००५ मध्ये कम्प्युटरची कॉपी आली, एका मॉडरनं, म्हणजे गेमच्या फाइलमध्ये फेरफार करणाऱ्या हौशी माणसानं, ती वाट उघडली, आणि जुलैमध्ये अमेरिकेत गेमचं रेटिंग बदलून थेट फक्त प्रौढांसाठी झालं, मोठमोठ्या दुकानांनी माल शेल्फवरून उतरवला. म्हणजे बघ, न दिलेली गोष्टसुद्धा दिल्यासारखीच धरली गेली.

दुसरं, सापडलं म्हणजे तयार होतं असं नाही. कॅपकॉम या गेम कंपनीनं रेसिडेंट ईव्हिल २ हा गेम अर्ध्याच्या वर बनवून झाल्यावर मनासारखा होत नाही म्हणून मोडीत काढला. त्यात एल्झा वॉकर नावाची मोटरसायकल रेसर मुलगी होती, ती गेली आणि तिच्या जागी क्लेअर रेडफिल्ड आली, आणि जानेवारी १९९८ ला जो गेम आला तो नव्यानं रचलेला. त्या जुन्या आवृत्तीला लोक आज १.५ म्हणतात, तिचे तुकडे बाहेर आलेत, खेळून बघितलं की कळतं टीमनं तो निर्णय का घेतला असेल. इतक्या लोकांचं इतकं काम बाजूला ठेवायला धाडस लागतं, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

२००२ च्या झेल्डा विंड वेकर या गेममधून वेळ नव्हता म्हणून दोन डंजन, म्हणजे कोडी आणि शत्रूंनी भरलेल्या भुयारासारख्या जागा, कापले. २०१३ ला एचडी आवृत्ती आली तेव्हा लोकांनी ते मागितले, तर दिग्दर्शक एइजी आओनुमा यांनी सांगितलं की त्या कल्पना आधीच पुढच्या झेल्डा गेममध्ये वापरून झाल्यात. कापलेलं वाया जातंच असं नाही.

आता तुझा राग जिथं योग्य आहे ते सांगतो. २०१२ चा स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्कन. त्यात १२ कॅरेक्टर डिस्कवर आधीपासून होती, कुलूप लावून, आणि ती उघडायचे नंतर वेगळे पैसे. डिस्क तुझ्या हातात, कॅरेक्टर डिस्कवर, तरी खेळता येत नाही, याला कोण काय म्हणणार? लोक भडकले ते बरोबरच होतं.

आणि माझ्या दृष्टीनं याहून मोठा प्रश्न म्हणजे दाखवून कापलेलं. सायबरपंक २०७७ चा ४८ मिनिटांचा डेमो २०१८ मध्ये दाखवला, हातातल्या पात्यांनी भिंतीला चिकटणं त्यात होतं, ट्रेलर तर मेट्रोच्या डब्यातच सुरू होतो. गेम डिसेंबर २०२० ला आला, भिंतीचं प्रकरण नाही, मेट्रोत बसून फिरणं नाही. भिंतीचं काढलंय हे त्यांनी गेम यायच्या आधी सांगितलं होतं, तेवढं ठीक केलं. मेट्रो डिसेंबर २०२३ च्या २.१ अपडेटमध्ये आली, भिंत आलीच नाही. टीमनं आतल्या आत काय कापायचं तो टीमचा हक्क, त्यावर आपण बोलू नये, पण जे दाखवून आगाऊ पैसे घेतले ते काढलं तर विक्रीच्या आधी ठळक सांगितलं पाहिजे, आणि ज्याला नको त्याला पैसे परत. तू पुढं या लाईनमध्ये आलीस तर हा फरक डोक्यात ठेव.

प्रश्न (खानापूर): माझा मुलगा मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळतो, बीजीएमआय म्हणतो. त्यात गोळी लागली की हिरवं रक्त दिसतं. गेम डुप्लिकेट आहे का, की फोन बिघडलाय?

उत्तर: ताई, दोन्ही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर आपल्याकडं बंदी आली, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये त्याचाच हा भारतासाठी बदललेला गेम आला आणि त्यात रक्ताचा रंग ठरवून हिरवा केला. १८ च्या आतल्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादापण घातलीय, पण मुलानं वय खरं टाकलं असेल तरच ती लागू होते. तेवढं एकदा त्याच्याजवळ बसून बघून घ्या.

प्रश्न (उद्यमबाग, इंजिनीअरिंगचे चौघे): फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून बेळगावच्या किल्ल्यावर युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गेम करतोय. खंदकात पोहणं, कमल बस्ती (जैन मंदिर), सफा मशीद, दारातलं दुर्गा मंदिर, दिवस-रात्र, मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज. सबमिशन तोंडावर आलंय आणि एकही गोष्ट पूर्ण नाही. काय कापायचं यावरून रोज भांडणं.

उत्तर: पोरांनो, पोहणं काढा. ऐकायला एक गोष्ट वाटते पण त्यात पाण्यातला कॅमेरा, पोहायची अॅनिमेशन, काठावर चढणं आणि खंदकाला लागून असलेल्या प्रत्येक दगडाचं कोलिजन, म्हणजे खेळाडू दगडाच्या आरपार जाऊ नये याची सोय, येतं, यातलं एक जरी अर्धवट राहिलं तर परीक्षक तिथंच अडकणार. खंदक वरून दिसू दे, तेवढा पुरे. दिवस-रात्रपण काढा, संध्याकाळची एकच वेळ धरा, म्हणजे लायटिंग बेक करता येईल, उजेड-सावली आधीच काढून ठेवता येईल, आणि कॉलेजच्या जुन्या पीसीवरसुद्धा गेम चालेल.

आत जाता येईल अशी एकच वास्तू ठेवा. कमल बस्तीच्या छतातलं कमळ तुमच्यातल्या एकानं जवळजवळ पूर्ण केलंय असं लिहिलंय, तर तीच ठेवा, १२०४ सालचं ते काम खाली उभं राहून मान वर करून बघावं असंच आहे, आणि खेळणाऱ्यालापण तिथं थांबायला लावा. बाकीच्या दोन बाहेरूनच.

आवाज दोन्ही भाषांतले काढा, पण मजकूर दोन्हीत ठेवा. एकाच भाषेचा आवाज ठेवायची चूक करू नका, आपल्या गावात बाजारात एका वाक्यात दोन्ही भाषा येतात, आणि गेम त्याच गावाचा आहे. फक्त एक बघा, युनिटीत अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो आपलं आपण देवनागरी नीट जोडत नाही, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, कन्नडचीपण तीच गत. वाक्यं थोडी असतील तर दुसरीकडं टाइप करून चित्र म्हणून लावा, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री कळेल.

कापताना डिलीट करू नका. आधी गिटमध्ये (कामाच्या जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) टॅग, म्हणजे परत यायची खूण, मारा, मग सीनमधून काढा. आणि रिसोर्सेस नावाचा फोल्डर तपासा, त्यात जे असेल ते युनिटी वापरलेलं असो वा नसो बिल्डमध्ये, म्हणजे द्यायच्या तयार गेममध्ये, भरतंच, तुमची पोहायची अॅनिमेशन आणि रेकॉर्ड केलेले आवाज तिथंच पडले असतील तर फाइलचा साइज उगाच वाढेल आणि मित्रांची चेष्टामस्करी रेकॉर्ड झालेली असेल तर तीपण परीक्षकांच्या हातात जाईल.

ज्यानं पोहण्यावर काम केलंय त्याचं नाव क्रेडिटमधून काढू नका. रिपोर्टमध्ये त्या भागाचे स्क्रीनशॉट टाका, का काढला ते दोन ओळींत लिहा, व्हायव्हात त्यानंच ते सांगू दे.