बंगला बिल्डरला देण्याआधी: जागामालकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. जुना बंगला किंवा वाडा पाडून तिथे फ्लॅटची इमारत होणार, तर जागा कुणाला, कशी आणि किती भावाने द्यायची? पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

आमचा कर्वेनगरात पाच गुंठ्यांवर बंगला आहे. मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना एका बिल्डरनं दिलेल्या भावाच्या निम्म्याहून जरा जास्त, एवढाच भाव तो आम्हाला देतोय. प्लॉट तेवढाच, भाग तोच. हा आम्हाला गंडवतोय का?

गंडवत असेलही, पण आधी दोन्ही गल्ल्यांची रुंदी बघा. शेजाऱ्यांचा रस्ता नऊ मीटरचा आणि तुमचा सहा मीटरचा निघाला, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

बिल्डर गुंठ्याला भाव सांगतो, पण मनातला हिशोब असतो तो त्या गुंठ्यावर किती बांधता येईल याचा. डिसेंबर २०२० पासून पुण्याला राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे. बोलीभाषेत सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार गावठाणाबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) १.१ मिळतो. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर तिथेच थांबायचं. नऊ मीटर किंवा त्याहून रुंद (पण बारापेक्षा कमी) असेल, तर प्रीमियम (जादा बांधकामाचं शुल्क) भरून ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन ०.४ मिळतो, म्हणजे एकूण २. यावर जिना, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी आणखी ६० टक्के अनुषंगिक एफएसआय, तोही पैसे भरूनच.

आता तुमचे पाच गुंठे घ्या. ते झाले साधारण ५०६ चौरस मीटर. नऊ मीटर रस्त्यावर ५०६ गुणिले २ गुणिले १.६, म्हणजे सुमारे १६२० चौरस मीटर, जवळपास १७,४०० चौरस फूट बांधकाम. सहा मीटर रस्त्यावर ५०६ गुणिले १.१ गुणिले १.६, म्हणजे ८९० चौरस मीटर, साधारण ९,६०० चौरस फूट. हे सगळं बांधकाम आहे, विकायचं कार्पेट (घरातलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्र) याहून कमी भरतं. शेजाऱ्यांच्या जागी बिल्डरला प्रीमियम आणि टीडीआरचा खर्चही आहे, त्यामुळे भाव अगदी याच प्रमाणात उतरत नाही. तरीही तुम्हाला निम्म्याच्या आसपासचा आकडा का ऐकू येतोय, हे यावरून समजेल.

पण इथे उठून बिल्डरला होकार देऊ नका. रस्त्याची रुंदी म्हणजे कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत टेप लावून येणारं माप नव्हे. मंजूर लेआउटमध्ये किंवा विकास आराखड्यात जी रुंदी दाखवली असेल ती खरी. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली महापालिका रस्त्याची नियमित रेषा ठरवून सहाचा रस्ता नऊचा करू शकते. दोन्ही बाजूंच्या मालकांची दीड-दीड मीटरची पट्टी जाते, तिचा मोबदला एफएसआयमध्ये घेता येतो आणि सगळी गल्ली नऊ मीटरच्या तक्त्यात येते. तुमच्या गल्लीसाठी असा प्रस्ताव झालाय का, हे पथ विभागात आणि बांधकाम विकास विभागात लेखी अर्ज करून विचारा. बिल्डरला ही बातमी तुमच्या आधी असते. सहाच्या रस्त्याच्या भावानं घ्यायचं आणि नऊच्या रस्त्याचं बांधायचं, हा खेळ पुण्यात नवा नाही. म्हणून करारात कलम हवंच: ताबा दिल्यापासून इतक्या वर्षांत जादा एफएसआय मिळाला, तर त्यातला अमुक हिस्सा किंवा अमुक रक्कम मालकाला.

उंचीचंही बघून घ्या. लोहगाव विमानतळ आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) यांच्या भोवती संरक्षण खात्याची उंचीची बंधनं आहेत, कागदावरचा एफएसआय कधी कधी तिथे अडकतो. उलट मेट्रोस्थानकापासून ५०० मीटरच्या आत प्लॉट असेल, तर टीओडीचे (मेट्रोलगतच्या विकासाचे) वेगळे नियम लागतात. त्यांत रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असेल तर एफएसआय बराच वर जातो. हे सगळं स्वतःच्या आर्किटेक्टकडून एका पानावर लिहून घ्या. त्याची फी वाचवून भावात गमावणारे मालक मी फार पाहिलेत.

शनिवार पेठेत वडिलांचा वाडा आहे. आम्ही तीन भाऊ आणि अमेरिकेत असलेली एक बहीण. प्रॉपर्टी कार्डावर आम्हा भावांचीच नावं आहेत. चार जुने भाडेकरू आहेत. बिल्डर म्हणतो, तुम्ही तिघं सह्या करा, बाकीचं आम्ही बघतो.

"बाकीचं आम्ही बघतो" म्हणजे काय, हे त्यालाच लिहून द्यायला सांगा. देणार नाही.

बहिणीपासून सुरुवात करू. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर बहिणीचा हिस्सा आहे. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तरी आहे. २००५ ची हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती आणि त्यावरचा २०२० मधला विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मुलीचा जन्मसिद्ध हक्क पक्का केला आहे. कार्डावर नाव चढलेलं नाही म्हणून हक्क जात नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. हवा असेल तर तीही विकणाऱ्यांपैकी एक होईल. तिनं तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवलं, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. हे राहून जातं आणि मग रजिस्ट्रारच्या टेबलावर सगळं अडतं. आणखी एक: ती अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला एक टक्का नाही, त्याहून बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच मिळवलं नाही, तर तिचे पैसे विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे पडून राहतील.

भाडेकरूंना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. वाडा विकला म्हणून त्यांचा हक्क संपत नाही, नवा मालक त्यांच्यासकट वाडा घेतो. त्यामुळे चौघांचं काय ठरलंय हे करारात आलंच पाहिजे: नव्या इमारतीत किती कार्पेट, मालकी हक्कानं की भाड्यानं, बांधकाम चालू असताना घरभाडं कोण देणार. चौघांचे करार वेगळे आणि नोंदणीकृत हवेत. भाडेपावत्या शोधून ठेवा. पावती आजोबांच्या नावाची आणि राहतोय नातू, अशी प्रकरणं पेठांत घरोघरी आहेत. भाडेकरूंचं पुनर्वसन करणाऱ्या जुन्या इमारतींना नियमावलीत प्रोत्साहन आहे, त्यामुळे चार भाडेकरू म्हणजे नुसती अडचणच असते असं नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. वाडा शनिवारवाड्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून घ्या. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. जुन्या घराच्या डागडुजीसाठीही परवानगी लागते. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं, पण परवानगी घेऊन. तुमचा वाडा शंभराच्या आत असेल, तर आज जो बिल्डर भाव देतोय तो उद्याच्या कायदाबदलावर पैज लावतोय. त्याच्या पैजेत तुम्ही वाडा रिकामा करून देऊ नका.

आम्ही दोघंच, वय सत्तरीच्या पुढे. एरंडवण्यातला प्लॉट आउटराइट विकावा, की डेव्हलपमेंटला देऊन तीन फ्लॅट घ्यावेत? मुलगा म्हणतो डेव्हलपमेंटमध्ये जास्त मिळतं.

जास्त मिळतं, मिळालं तर. आउटराइटमध्ये खरेदीखताच्या दिवशी तुमचा विषय संपतो. डेव्हलपमेंटमध्ये पुढची काही वर्षं तुम्ही बिल्डरच्या धंद्यातले भागीदार असता, नाव काहीही असो. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) दृष्टीनंही हिस्सा घेणारा जागामालक प्रवर्तकच असतो. प्रकल्प रखडला तर फ्लॅटधारकांच्या तक्रारीत तुमचंही नाव येऊ शकतं.

कराचं गणित मुलाला नीट समजावून सांगा. डेव्हलपमेंट करारात व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना २०१७ पासून सवलत आहे. भांडवली नफ्यावरचा कर करार केला त्या वर्षी नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. मात्र नफा मोजताना त्या दिवशीचं तुमच्या फ्लॅटचं मुद्रांक मूल्य आणि रोख मोबदला दोन्ही धरतात. दाखल्याआधीच एखादा फ्लॅट विकून टाकलात, तर ही सवलत हातची जाते. आणि तीन फ्लॅट घेतले म्हणून तिन्हींवर नव्या घराची करसूट मिळेल असं धरून चालू नका. ती एका घराला असते. नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदाच दोन घरांना.

आउटराइटमध्ये दर सरळ आहे: २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के. प्लॉट त्याआधीचा असल्यामुळे निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्के हाही पर्याय आहे, कर कमी पडेल तो घ्यायचा. प्लॉट २००१ च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन मंजूर मूल्यांककाकडून करून घ्या. तो अहवाल नसेल तर सीए काही करू शकत नाही.

तरीही डेव्हलपमेंटच करायचं ठरवलंत, तर तीन गोष्टींवर हट्ट धरा. तुमचे फ्लॅट मजला, दिशा आणि रेरा कार्पेटसकट नकाशावर रंगवून कराराला जोडलेले हवेत. "एकूण सेलेबलच्या अमुक टक्के" या भाषेवर सही करू नका, सेलेबल, म्हणजे विक्रीयोग्य क्षेत्र, हा आकडा रबरासारखा ताणला जातो. तुमच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार हे लिहून घ्या. तो लागतोच, आणि करारात उल्लेख नसेल तर ताबा देताना बिल तुमच्या हातात येतं. तिसरं, बंगल्याचा ताबा बांधकाम सुरू करण्याचा दाखला आल्यावर आणि बँक गॅरंटी हातात पडल्यावरच द्यायचा. कुलमुखत्यारपत्रात नकाशे मंजूर करून घेण्याचे अधिकार द्या. तुमच्या हिश्श्याचे फ्लॅट विकण्याचे किंवा जागा गहाण टाकण्याचे देऊ नका.

माझं मत विचाराल तर सत्तरीनंतर, दुसरं घर नसेल तर, आउटराइट. पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील.

सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत आजीच्या नावे मिळालेला प्लॉट आहे. विकता येईल का?

पानशेतच्या पुरानंतर, १९६१ नंतर दिलेल्या या जागा मुळात सरकारी आहेत. कार्डावर भोगवटादार वर्ग दोन किंवा भाडेपट्टा असा शेरा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकू नका. आधी वारसनोंद, मग वर्ग एकमध्ये (निर्बंध नसलेल्या मालकीत) रूपांतर, मग विक्री. सोसायटीच्या नावे जमीन असेल तर तिचाही ठराव लागेल. जिथे सोसायटी मालक आणि सभासद भाडेपट्टेदार आहेत, तिथेही आधी सोसायटीचाच दरवाजा वाजवायचा. जुन्या पुण्यात अशा बंगल्यांच्या सोसायट्या बऱ्याच आहेत.

प्लॉट मोठा आहे, तीस गुंठे, औंधला. एक बिल्डर एक लाख टोकन देऊन एमओयू (प्राथमिक सामंजस्य करार) करायला सांगतोय, सहा महिने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. आणि काही रक्कम रोखीनं देईन म्हणतो.

तीस गुंठे म्हणजे तीन हजार चौरस मीटरच्या वर. पुण्यात जुन्या नागरी कमाल जमीन कायद्याची मर्यादा १००० चौरस मीटर होती. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण कलम २० खाली सूट मिळालेल्या जमिनींच्या अटी अजून मागे लागतात. तुमच्या घरात त्या काळचा एखादा आदेश पडून असेल तर तो आधी वकिलाला दाखवा, बिल्डरला नंतर. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा शोध), झोन दाखला आणि ताज्या मोजणीची क प्रत (हद्दींचा सरकारी नकाशा) तुम्ही स्वतः काढून ठेवा. या मोठ्या प्लॉटसाठी तीन-चार बिल्डर तेच कागद बघून भाव सांगतील तेव्हा तुम्हाला खरा आकडा कळेल.

एक लाखात सहा महिने जागा बांधून ठेवणं म्हणजे बिल्डरला फुकटात पर्याय विकणं. तो या काळात तुमचा प्लॉट घेऊन दुसऱ्याच्या दारात जाईल, जुळलं तर ठीक, नाही तर टोकनही परत मागेल. वेळ द्यायचाच असेल तर कागदपत्रं तपासायला चार-सहा आठवडे द्या. त्यात त्यानं स्वखर्चानं वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. हरकत आली नाही की थेट नोंदणीकृत साठेखत, मोबदल्याचा ठसठशीत हिस्सा त्याच दिवशी. मुदत उलटली की एमओयू आपोआप रद्द, असं वाक्य त्यात हवं. नाही तर हाच कागद पुढे कोर्टात दाव्याला जोडला जातो आणि जागेवर दावा प्रलंबित असल्याची नोंद लागते.

रोखीचं उत्तर सोपं आहे: नाही. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. कागदावरचा भाव रेडीरेकनरपेक्षा (सरकारी मूल्य तक्त्यापेक्षा) दहा टक्क्यांहून खाली गेला, तर कर रेडीरेकनरच्या आकड्यावरच भरावा लागतो. आणि ज्या पैशाचा कागद नाही, त्यातून घेतलेल्या घरावर भांडवली नफ्याची सूट मागता येत नाही. त्याला सांगा, सगळी रक्कम आरटीजीएसनं.