आधी कराचीचा व्हिडिओ तपास

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

ग्रुपवरची खोटी युद्धवार्ता खोडून काढायचं मनावर घेतलंयस, ते बरं केलंस. पण सुरुवात आपल्याला आवडणाऱ्या बातम्यांपासून कर.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने सांगितलं, हा तर जुलै 2021 मधला तेल टँकरचा स्फोट. भारतावर क्षेपणास्त्र पडल्याचं म्हणून आलेलं दृश्य 2020 मधल्या बैरुतच्या स्फोटाचं निघालं. ही खोडायला सगळे धावले. पण 8 मेच्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचं काही वाहिन्यांनी चालवलं, तेही खोटंच होतं. तिथे मात्र आपली सोसायटी फटाक्यांच्या इमोजीत दंग! कराची खोटी आहे हे तू सांगितलंस, तरच हजिऱ्याबद्दल तुझं कोणी ऐकेल.

तपासणं फार अवघड नाही. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घे आणि गूगल लेन्सवर टाक. जुना असेल तर बहुतेकदा तिथेच सापडतो. दुकानांच्या पाट्या वाच. रस्ता बघ: कराचीत वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, बैरुतमध्ये उजवीकडून. आणि ‘आर्मा 3’ या गेममधली लढाई तर इतक्या वेळा खरी म्हणून खपली, की 2022 मध्ये तो गेम बनवणाऱ्या चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीलाच ओळखण्याच्या खुणा सांगाव्या लागल्या. चित्र धूसर, कॅमेरा हलता, बरेचदा रात्र, आवाज नाही, हलती माणसं जवळपास दिसतच नाहीत.

खोटं सापडलं की ज्याने पाठवलं त्याला आधी एकट्याला मेसेज कर. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस चूक कबूल करत नाही, उलट आणखी दोन व्हिडिओ टाकतो. (तळमजल्यावरच्या काकांना तर सरळ फोनच कर, ते मेसेज वाचत नाहीत.) त्यांनी स्वतः डिलीट केलं तर उत्तम. ग्रुपवर लिहायची वेळ आलीच, तर मूळ व्हिडिओ पुन्हा चिकटवू नकोस. त्याच्या स्क्रीनशॉटवर ठळक आडवं ‘खोटं’ लिहून टाक.

एक राहिलंच. उरणकडून कोणी नौदलाच्या हालचालींचं चित्रण पाठवलं, तर ते खरं असलं तरी पुढे जाऊ देऊ नकोस. लष्करी कारवायांचं थेट प्रक्षेपण करू नका, असं सरकारने 26 एप्रिल 2025 रोजी वाहिन्यांनाही बजावलं होतं.

तुझा,
काका