लोमीलोमी : यातला ‘लोम’ आपला नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘सासूबाईंचे पाय दुखतात म्हणून घरीच हवाई बेटांवरची लोमिलोमी ही अंग चोळायची पद्धत शिकून करते आहे. हा शब्द अनुलोम-विलोममधल्या लोमवरून आला का? आणि त्याला मराठीत काय म्हणावं, मालिश की मर्दन?’

लोमची शंका यावी हे अगदी स्वाभाविक आहे. संस्कृतात लोम म्हणजे अंगावरची लव. लवेच्या दिशेने ते अनुलोम, उलट ते प्रतिलोम. आयुर्वेदात अभ्यंग अनुलोम करायला सांगतात आणि उटणं चोळायचं ते प्रतिलोम. म्हणजे तेल, अंग आणि लोम हे तिन्ही आपल्याकडे आधीच एकत्र नांदतात. तरीही हा संबंध खरा नाही. शब्द निखळ हवाईचा आहे. हवाईच्या भाषेत ‘लोमी’ म्हणजे चोळणं, दाबणं, मळणं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत हाच शब्द ‘रोमी’ होतो, कारण माओरी ‘र’च्या जागी हवाईत ‘ल’ येतो : माओरी ‘अरोहा’, हवाई ‘अलोहा’. लोमीचं गोत्र असं पॅसिफिक बेटांमध्ये सापडतं, संस्कृतात नाही.

मग दोनदा का? क्रिया पुन्हापुन्हा होते म्हणून. हवाईतच विकी म्हणजे जलद, विकीविकी म्हणजे झटपट (विकिपीडियातला विकी तो हाच). आपण ‘दाबूनदाबून’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. यावरून लेखनाचंही ठरवता येतं. हळूहळू, चिरीमिरी अशा पुनरुक्त शब्दांत दुसरा आणि चौथा स्वर दीर्घ लिहायचा, असा मराठी लेखनाचा नियम आहे. म्हणून ‘लोमिलोमी’ऐवजी मी ‘लोमीलोमी’ लिहीन. लिंग स्त्रीलिंगी : लोमीलोमी केली.

आता प्रतिशब्द. मर्दन पुस्तकी वाटतं. सासूबाईंना ‘मर्दन करू का’ असं कोणी विचारणार नाही. मालिश फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थही चोळणं हाच, तो चालेल. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी प्रवाशांनी लोमीलोमीचं वर्णन करताना ‘शाम्पू करणं’ असे शब्द वापरले. तेव्हा शाम्पूचा अर्थ अंग दाबणं असाही होता आणि तो शब्द इंग्रजीत गेला हिंदीतल्या चाँपनाचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’ यावरून. हवाईतल्या हातांचं वर्णन इंग्रजांनी भारतातून उचललेल्या शब्दात केलं! मला हा प्रवास फार आवडतो.

पण लोमीची छटा नेमकी पकडायची तर हवाईच्या स्वयंपाकघरात डोकावावं लागेल. तिथे खारवलेला सामन मासा, टोमॅटो आणि कांदा हाताने कुस्करून कालवतात. त्या पदार्थाचं नावही लोमीलोमी सामनच. म्हणजे लोमीमध्ये कणीक मळताना हाताला येतो तो मऊ, सलग दाब आहे. रगडणं त्याला शोभत नाही. लोमीलोमीत बोटांइतकाच मनगट ते कोपर हा भाग वापरतात, खोबरेल किंवा कुकुईच्या बियांचं तेल लावून हात लांबवर सरकवत नेतात. कुकुई म्हणजे आपल्याकडे ज्याला जंगली अक्रोड म्हणतात ते झाड. घरी खोबरेल पुरे. सुरुवातीला प्रार्थना करायची रीत आहे, तिला ‘पुले’ म्हणतात.

ही विद्या पूर्वी घराण्यात चालायची. हवाई बेटावर केआलाकेकुआजवळ राहणाऱ्या मार्गारेट मचाडो (१९१६–२००९) यांनी ती बाहेरच्यांनाही शिकवली. सगळे त्यांना आंटी मार्गारेट म्हणत. लोमीलोमी म्हणजे प्रेमाचा स्पर्श, असं त्या सांगत.

हे वाचल्यावर मला मराठीतलं नाम शोधावंसंच वाटेना. आपल्याकडे त्यासाठी क्रियापद आहे : ‘चोळून देणे’, ‘चेपून देणे’. ‘पाय चेपले’ आणि ‘पाय चेपून दिले’ यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्यातल्या ‘देणे’त समोरच्या माणसासाठी केल्याचा भाव येतो. पद्धतीचं नाव घ्यायचं तेव्हा खुशाल लोमीलोमी म्हणा, ते भाषांतरित करायची गरज नाही. सासूबाईंना मात्र विचारा, ‘आई, पाय चेपून देऊ?’