‘गव्हर्नन्स’ला मराठीत काय म्हणावे: शासन, सुशासन की कारभार?

प्रश्न असा आला आहे: विकसनशील देशांतल्या ‘गव्हर्नन्स’ आणि ‘पब्लिक ऑथॉरिटी’ या विषयांवरच्या काही संशोधन-निबंधांचे मराठीत सारांश करायचे आहेत. पहिल्या शब्दासाठी शासन, प्रशासन, सुशासन आणि अभिशासन असे चार पर्याय समोर आहेत, दुसऱ्यासाठी ‘सार्वजनिक प्राधिकरण’. यांतले कोणते घ्यावेत?

माझे मत स्पष्ट आहे. पहिल्यासाठी या चारांपैकी एकही घेऊ नका, ‘कारभार’ घ्या. दुसऱ्यासाठी ‘प्राधिकरण’ घेतलेत तर वाचकाची सरळ दिशाभूल होईल. कारणे जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे शब्द चुकला तर निबंधाचा मुद्दाच हरवतो.

‘शासन’पासून सुरुवात करू. महाराष्ट्रात हा शब्द सरकारने पूर्ण व्यापला आहे. गाड्यांवर ‘महाराष्ट्र शासन’, जीआर म्हणजे ‘शासन निर्णय’, रखडलेले काम ‘शासन दरबारी पडून’. हिंदीत राज्य करण्याची क्रिया हा ‘शासन’चा अर्थ अजून ठळक आहे; आपल्याकडे तो मंत्रालयात बसलेल्या संस्थेचे नाव झाला आहे. शिवाय मराठीत शासन म्हणजे शिक्षाही. ‘गुन्हेगाराला कडक शासन झाले पाहिजे’ हे आपण रोज म्हणतो, आणि ‘देहान्त शासन’ तर प्रसिद्धच. मुळात ‘शास्’ या धातूतच आज्ञा करणे आणि दंड करणे हे अर्थ आहेत. जुन्या ताम्रपटावरच्या राजाज्ञेलाही शासन म्हणत. वरून खाली येणारा हुकूम हा या शब्दाचा पिंड आहे.

आता ‘गव्हर्नन्स’ हा शब्द विकासाच्या चर्चेत कसा शिरला ते पाहा. १९८९ साली जागतिक बँकेने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवर एक अहवाल काढला आणि तिथल्या दुरवस्थेच्या मुळाशी ‘गव्हर्नन्स’चे संकट आहे असे म्हटले. राष्ट्राचा कारभार पाहण्यासाठी राजकीय सत्ता वापरणे, अशा आशयाची त्याची व्याख्याही दिली. बँकेच्या सनदेनुसार कर्ज देताना राजकीय बाबी विचारात घेता येत नाहीत. त्यामुळे राजकारणाचे नाव न घेता राजकारणाबद्दल बोलू देणारा हा शब्द बँकेच्या फार सोयीचा ठरला. पुढे संशोधकांनी तो हाती घेतला आणि त्याला वेगळीच धार आणली. रस्ता कोण करतो, पाणी कोण सोडतो, भांडण कोण मिटवते, कर कोण गोळा करते, आणि हे करणारे सरकारच असते का, असे ते विचारू लागले. म्हणजे या संशोधनाचा सगळा जीव ‘सरकार’ आणि ‘गव्हर्नन्स’ यांतल्या फरकात आहे. आपण जर ‘गव्हर्नन्स’लाच शासन म्हटले, तर तो फरक पहिल्याच ओळीत पुसला जातो.

सोमालियाचे उदाहरण घ्या. जानेवारी १९९१मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि त्यानंतर कित्येक वर्षे राजधानी मोगादिशूत चालते सरकार नव्हते. तरीही बाजार भरत होते, हवालाने पैसे पोचत होते, वस्त्यावस्त्यांतली शरियत न्यायालये व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहत होती, कुळांतले वडीलधारे तंटे सोडवत होते. उत्तरेकडच्या सोमालीलँडने त्याच वर्षी मे महिन्यात स्वातंत्र्य जाहीर केले. १९९३ साली बोरामा गावी कुळांच्या ज्येष्ठांची परिषद महिनोन्‌महिने चालली आणि तिने राज्याची घडी बसवली. ‘गुरती’ हे ज्येष्ठांचे सभागृह तिथल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह झाले. जगाने त्या देशाला मान्यता दिली नव्हती, पण व्यवस्था उभी राहिली होती. या साऱ्यावर लिहिताना अभ्यासक ‘गव्हर्नमेंटशिवाय गव्हर्नन्स’ असा शब्दप्रयोग करतात. याचे मराठी ‘शासनाविना शासन’ असे करून बघा. वाचणारा गोंधळेल. आणि ‘सरकार नव्हते, पण कारभार चालू होता’ असे लिहा. एकाही शब्दाचा खुलासा करावा लागत नाही.

‘प्रशासन’ लवकर निकालात निघते. जिल्हाधिकारी, तहसीलदार, मुख्याधिकारी ही यंत्रणा म्हणजे प्रशासन. तो शब्द त्या जागी चपखल आहे, तिथेच राहू द्या. ‘अभिशासन’ हिंदी पाठ्यपुस्तकांतून स्पर्धा परीक्षांच्या मार्गाने आपल्याकडे आला. तो वाचला की मनातल्या मनात इंग्रजी शब्द आठवावा लागतो, आणि मग अर्थ कळतो. अशा शब्दाने साधले काय?

‘सुशासन’ची अडचण निराळी आहे. त्यातल्या ‘सु’ने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. संशोधनात गव्हर्नन्स चांगला असतो, वाईट असतो, अर्धामुर्धा असतो. मेरिली ग्रिंडल या अमेरिकन अभ्यासकाने २००४मध्ये ‘गुड इनफ गव्हर्नन्स’ ही कल्पना मांडली. गरीब देशांपुढे सुधारणांची भलीमोठी यादी ठेवण्याऐवजी, आधी काय, नंतर काय आणि कितपत झाले तरी निभते, हे ठरवावे असे त्यांचे म्हणणे. हे ‘सुशासना’त कसे बसवणार? ‘पुरेसे सुशासन’ म्हटले तर अर्थ उलटतो. ‘निभण्यापुरता बरा कारभार’ म्हणा, मूळ कल्पनेतला व्यवहारीपणा तसाच उतरतो.

आता ‘कारभार’. फारसी ‘कारोबार’च्या नात्यातला हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. त्याची मोठी ताकद अशी की कारभार कोणाचा, हे तो आधीच ठरवून टाकत नाही. कारभार राज्याचा असतो, दूध संघाचा असतो, देवस्थानाचा असतो, घराचा असतो. तो हाकता येतो, सांभाळता येतो, हाती घेता येतो, दुसऱ्यावर सोपवता येतो. राज्य एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, हा भेद तर मराठी माणसाला इतिहासातूनच ठाऊक आहे. १७७३मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुढच्या वर्षी सवाई माधवरावांचा जन्म झाला. छत्रपती साताऱ्यात, पेशवा पाळण्यात, आणि कारभार सखारामबापू, नाना फडणीस आदी बारभाईंच्या हाती. सत्ता कोणाच्या नावाने आहे आणि प्रत्यक्षात ती कोण राबवतो, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची सोय या भाषेत तेव्हापासून आहे. (‘बारभाई कारभार’ हा पुढे गोंधळाचा वाक्प्रचार झाला याचे मला वाईट वाटते. त्याच फळीतल्या नानांनी पुढे इंग्रजांशी चाललेले युद्ध १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत निभावून नेले.)

आक्षेप येईल की वर्तमानपत्रांनी ‘कारभार’ बदनाम केला आहे. ‘पालिकेचा भोंगळ कारभार’, ‘मनमानी कारभार’ हे मथळे आपण वाचतोच. पण नीट पाहा, तिथे वाईटपणा विशेषणातून येतो. चोख कारभार, पारदर्शक कारभार, काटकसरीचा कारभार हेही तितकेच सहज म्हटले जाते. विशेषण लावावे लागते, याचाच अर्थ शब्द स्वतः तटस्थ आहे. संशोधनाला नेमके हेच हवे.

या शब्दाची खरी कसोटी मला ज्याँ-पियेर ओलिव्हिए द सार्दाँ यांच्या लेखनात दिसते. हे फ्रेंच मानवशास्त्रज्ञ, नायजर देशाचेही नागरिक; तिथल्या नियामे शहरातल्या ‘लास्डेल’ या संशोधन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. पश्चिम आफ्रिकेतल्या गावांत पाणी, बाळंतपण, स्वच्छता अशा गोष्टी प्रत्यक्षात कशा चालतात हे पाहून त्यांनी स्थानिक गव्हर्नन्सचे आठ प्रकार सांगितले. मराठीत ते असे उतरतात: चीफचा (म्हणजे परंपरेने आलेल्या स्थानिक प्रमुखाचा) कारभार, संघटनांचा कारभार, नगरपालिकेचा कारभार, परदेशी मदतीच्या प्रकल्पांचा कारभार, नोकरशाहीचा कारभार, बड्या आश्रयदात्याचा कारभार, धर्मसंस्थेचा कारभार आणि व्यापाऱ्यांचा कारभार. एकाच विहिरीवर यांतले तीन-चार एकदम हजर असू शकतात, आणि पाणी येते की नाही हे त्यांच्या आपसातल्या जमण्या-न जमण्यावर ठरते. ‘व्यापाऱ्यांचे शासन’ किंवा ‘धर्मसंस्थेचे सुशासन’ म्हटले की भलताच अर्थ निघतो. ‘कारभार’ आठही ठिकाणी अडखळत नाही.

त्या यादीतला ‘चीफ’ मी मुद्दाम तसाच ठेवला. ‘पाटील’ लिहिण्याचा मोह होतो, पण पाटलामागे वतन येते, आणि आपल्याकडे महसुली पाटलाचे पद १९६२च्या कायद्याने संपले. पश्चिम आफ्रिकेतल्याच सिएरा लिओनमध्ये पॅरामाऊंट चीफ, म्हणजे सर्वांत वरचे चीफ, आजही कर आणि जमीन या दोन्हींत पक्के पाय रोवून आहेत. तिथल्या संशोधनाचा एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे: जिथे चीफपदावर हक्क सांगणारी घराणी मोजकीच आहेत, तिथे विकास मागे पडलेला आहे, तरीही लोकांचा चीफबद्दलचा आदर मात्र जास्त आहे.

हा आदर आपल्याला दुसऱ्या शब्दाकडे नेतो. ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ऐकले की मराठी वाचकाला माहितीचा अधिकार आठवतो. २००५च्या त्या कायद्याच्या मराठी अनुवादात ‘पब्लिक ऑथॉरिटी’साठी हाच शब्द आहे, आणि त्या जागी तो योग्यच आहे, अर्ज करता येईल अशी सरकारी संस्था. म्हाडा, जीवन प्राधिकरण, अशी नावे आपल्याला पाठ आहेत. संशोधनातली ‘पब्लिक ऑथॉरिटी’ ही संस्था नसते. ती एक पत असते. सर्वांच्या वतीने ठरवण्याची, आणि ठरवलेले पाळले जाण्याची. ख्रिश्चन लुंड या डॅनिश अभ्यासकाने २००६मध्ये आफ्रिकेच्या संदर्भात हे फार सुरेख उलगडून दाखवले. चीफ, गावरक्षकांची टोळी, एखादी संघटना हे सरकार नसतात. पण शिक्का, करारपत्र, कार्यालय अशी सरकारची चिन्हे उचलतात. लोक जमिनीचा वाद घेऊन त्यांच्याकडे जातात. त्यांनी हक्क मान्य केला की माणसाची जमीन पक्की होते, आणि माणूस तिथे गेल्यामुळे त्यांची सत्ता पक्की होते. दोन्ही एकमेकांना घडवतात.

जातपंचायतीला हे लावून पाहा. माहितीच्या अधिकाराखाली ती सार्वजनिक प्राधिकरण नाही. पण ती दंड बसवते, वाळीत टाकते, आणि माणसे मुकाट्याने ऐकतात. म्हणूनच तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो २०१७मध्ये अंमलात आला. लुंड यांच्या अर्थाने ही ‘पब्लिक ऑथॉरिटी’च आहे, आणि तिचा जाच सोसणाऱ्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. भाषांतरात ‘प्राधिकरण’ लिहिलेत तर ती हिशेबातूनच वगळली जाईल.

मग काय लिहावे? ‘सार्वजनिक अधिकार’ नको, कारण अधिकार म्हणजे हक्कही. परिभाषा म्हणून ‘सार्वजनिक अधिसत्ता’ घ्या. राज्यशास्त्राच्या मराठी लेखनात अधिसत्ता हा शब्द चालतो. पण एकदा तो सांगून झाला की ओघात मात्र ‘अंमल’ वापरा. ‘या खोऱ्यात सरकारचा नव्हे, टोळीचा अंमल आहे’, ‘चीफचा अंमल नदीपर्यंत’, ‘दोघांचा अंमल एकाच बाजारावर’. याहून साधे म्हणजे ‘तिथे कोणाची चालते?’ क्षेत्रात जाऊन संशोधक हाच प्रश्न विचारत असतात.

बाकीच्या शब्दांत फारसा वाद नाही. ‘लेजिटिमसी’ला अधिमान्यता, ‘अकाउंटेबिलिटी’ला उत्तरदायित्व, गव्हर्नन्सच्या निर्देशांकांना कारभाराचे निर्देशांक. ‘लोकल गव्हर्नन्स’ला मात्र ‘स्थानिक स्वराज्य’ म्हणू नका, ते निवडून आलेल्या संस्थांचे नाव आहे. ‘स्थानिक कारभार’ म्हणा. आणि सारांशाचे शीर्षक ‘विकसनशील देशांतील कारभार आणि सार्वजनिक अधिसत्ता’ असे ठेवता येईल. जागा असेल तर खाली छोट्या अक्षरांत ‘कारभार कोणाचा, अंमल कोणाचा’ हे उपशीर्षक द्या.