स्टॉकहोममध्ये दोन दिवस आहोत, सोबत सत्तरीचे आईवडील. कोणत्या बागा, हिरव्या जागा दाखवाव्यात?

बागांची यादी नेटवर ढिगानं मिळेल. यूरगोर्डन बेटावर जा, सात नंबरची ट्राम थेट नेते, अर्धा दिवस मजेत जातो. पण तुम्ही ‘सोबत आईवडील’ असं लिहिलंत आणि माझे हात शिवशिवले.

त्यांना स्कूग्सशिरकोगोर्डनला न्या. हो, ते स्मशान आहे. पाइनच्या रानात वसवलेलं, १९९४ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं, आणि मेट्रोच्या हिरव्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन असलेलं. मी आईबाबांना २०१९च्या मे महिन्यात तिथं नेलं. त्यावरून पुण्यातला माझा दादा आजही चारचौघांत ऐकवतो, “लोक आईबापाला काशीला नेतात, हिने विमानात घालून मसणवटा दाखवला!” अरे, काशीला तरी लोक नावेतून काय बघतात? मणिकर्णिका घाटच ना?

माझी चूक एवढीच की निघताना ‘मोठी बाग आहे’ इतकंच सांगितलं होतं. आत शिरल्यावर ग्रॅनाइटचा उंच क्रूस दिसला आणि बाबा गप्प झाले. आई बाकावर टेकली. बाबा मात्र रागारागात एकटेच समोरच्या टेकडीच्या पायऱ्या चढायला लागले, दुखऱ्या गुडघ्यासकट. वर एल्मची झाडं आहेत, चौकोनात लावलेली.

निम्म्यात थांबले. मला वाटलं, गुडघा गेला. बघते तर वाकून पायरीला वीत लावतायत! मग खाली उतरले, पहिल्या पायरीला वीत लावली, परत वर गेले. “अगं, इकडे ये. खालची पायरी उंच आहे आणि वर जाईल तशी बुटकी होत गेलीय.” बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतील तर माणूस अडखळतो, यावरून त्यांनी आयुष्यभर कंत्राटदारांशी भांडणं केली. “गवंडी चुकला म्हणावं, तर उतार इतका सारखा कसा?”

मी फोनवर शोधलं. १९१५च्या स्पर्धेत आस्प्लुंड आणि लेवेरेंट्स या दोन तरुण आर्किटेक्टांना हे काम मिळालं होतं. टेकडीच्या पायऱ्या लेवेरेंट्सच्या. चढणारा वर धापा टाकत पोचू नये म्हणून त्यानं मुद्दाम तशा केलेल्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुखवट्याला आलेल्याचा दमसुद्धा हिशेबात धरलाय.” आणि पुन्हा एकदा चढून आले.

तोवर खाली आईनं एका स्वीडिश म्हातारीला झारी भरून दिली होती. एकमेकींची भाषा येत नसताना दोघी मिळून कुणाच्या तरी फुलांना पाणी घालत होत्या.

घरी आल्यावर बाबांनी गार पाण्यानं अंघोळ केली, हे खरं आहे. मे महिन्यातलं तिथलं नळाचं पाणी म्हणजे काय, ते ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. दादा सगळ्या नातेवाइकांना तेवढंच सांगतो. पायऱ्यांचं त्यानं कधी विचारलंही नाही.

बाकी, शहराच्या मध्यात कुंग्सत्रेगोर्डन नावाची बाग आहे, तिथली चेरी एप्रिलच्या शेवटी फुलते. सुंदर, पण गर्दी इतकी की झाडापेक्षा सेल्फीच्या काठ्या जास्त दिसतात. त्यापेक्षा तिथलेच जुने एल्म बघा. मेट्रो स्टेशनच्या दारासाठी ते तोडणार होते. १९७१च्या मेमध्ये लोक झाडांवर चढून बसले आणि शेवटी दार दुसरीकडे हलवावं लागलं. खाली चहाची जागा आहे, आईवडिलांना तिथं बसवा.

हे आधीच सांगायला हवं होतं: स्कूग्सशिरकोगोर्डन चालू स्मशान आहे. अंत्यविधी चाललेला दिसला तर कॅमेरा आत ठेवा. आणि आईवडिलांना आधी कल्पना द्या, माझ्यासारखं फसवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात येत असाल तर सकाळीच निघा, दुपारी तीन-चारला अंधार होतो. उन्हाळ्यात असाल तर उंच गवतात बसून आल्यावर घरी अंघोळ जरूर करा. स्मशानातून आलात म्हणून नव्हे, गोचिडांसाठी. गुडघ्याच्या मागे नीट बघा, तिथंही चिकटतात.