पेपरात कुणाचं 'निधन', कुणी 'ठार', कुणी 'दगावला' असं का लिहितात?

सोप्पंय, मेला कसा त्यावरून शब्द ठरतो. वयानं, आजारानं गेला आणि जरा मानाचा माणूस असला की निधन, अपघातात ठार, दवाखान्यात उपचार चालू असताना गेला तर दगावला, पुरात सापडला तर मृत्युमुखी. पुणे हायवेला गाडी धडकली की 'काळाचा घाला' ठरलेलाच, मला तर आता तो वाचून कायच वाटत नाही, इतका झिजलाय.

पण खरी मजा माणूस न मरता मरण लिहितात तिथंय. सोलापूरच्या चादरीच्या धंद्याला किती वर्षं 'अखेरची घरघर' लागलीय, माग अजून खडखडतायत की! आणि आपल्या उजनी धरणाचा 'मृतसाठा' बघा, बाहेरच्या माणसाला वाटेल पाणी सडलंय. तसं नाही, धरणाच्या ठरलेल्या किमान लेव्हलच्या खालचं, एरवी वापरायच्या हिशोबात न धरलेलं पाणी म्हणजे मृतसाठा, उजनीत तो जवळपास 63 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे निम्म्याहून जास्त धरण मेलेलंच! उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी आली, म्हणजे वरचं वापरायचं पाणी संपलं, की दुबार पंपिंग करून, म्हणजे दोनदा उपसून, तेच मेलेलं पाणी सोलापूरकर पितात.